आप्पांची जपानी

माझ्या वडिलांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी जपानी शिकायला घेतली. शाळा चौथीपर्यंत झालेली, नोकरी सोलापुरातल्या एका कापडगिरणीत फिटरची. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते.

त्या वर्षी गिरणीत जपानहून नवे माग आले आणि ते बसवून द्यायला एक इंजिनिअरही आला. चार महिने राहणार होता. त्याच्याशी बोलायला इंग्रजी येणारा एक साहेब नेमला होता, पण त्याचं इंग्रजी साहेबाला कळेना आणि साहेबाचं त्याला. दोन दिवसांनी साहेब आपल्या टेबलाकडे परत गेला आणि ज्यांना इंग्रजीचा गंधही नव्हता ते आप्पा इंजिनिअरच्या शेजारी उभे राहिले. तो बोट दाखवायचा, आप्पा मान हलवायचे, योग्य तो पाना त्याच्या हातात ठेवायचे. माग एकेक करून उभे राहायला लागले.

रोज संध्याकाळी आप्पा घरी आले की खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढायचे. त्यावर त्यांनी पेन्सिलीनं मराठीत जपानी शब्द लिहून आणलेले असायचे. ‘नेजी’ म्हणजे स्क्रू. ‘आबुनाई’ म्हणजे सांभाळ, हात काढ. आणि सगळ्यात लाडका शब्द ‘मो इचिदो’. आप्पांनी एखादा भाग बसवला की तो माणूस हसून, मान लववून ‘मो इचिदो’ म्हणायचा. म्हणजे शाब्बास.

“दिवसातनं धा-बारा वेळा म्हणतो,” आप्पा सांगायचे. “आपल्या गिरणीत आजवर एवढं कौतुक कुणी केलं न्हाय माजं.”

मग घरातही ‘मो इचिदो’ सुरू झालं. माझे मार्क बघून मो इचिदो, अव्वानं आमटी चांगली केली तर मो इचिदो.

एकदा जेवताना त्यांनी सगळ्यांना विचारलं, “परदेशातली एकच भाषा घडाघडा बोलता येणार असली, तर कुठली घ्याल?”

धाकट्या भावाला इंग्रजी पाहिजे होती, क्रिकेटची कॉमेंट्री कळावी म्हणून. मी फ्रेंच म्हणाले. फ्रेंचचा एक शब्दही मी ऐकला नव्हता, पण वर्गातली डॉक्टरची मुलगी म्हणाली होती की ती जगातली सगळ्यात गोड भाषा आहे. अव्वा भाकरी थापत होती. आप्पांनी तिच्याकडे बघितलं तशी ती म्हणाली, “मला कशाला आनि येक? तुमी मला हितं आणलं तवाच येक परदेशी भाषा दिली की.”

अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची. माहेरी सगळं कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा ‘तो भाकरी’ म्हणायची. शेजारच्या बायका तोंडावर पदर धरून हसायच्या आणि चूक काय ते कुणी सांगायचं नाही. तिला वर्षानं कळलं. आप्पांचं उलट होतं. खात्यातल्या निम्म्या लोकांशी ते तेलुगू बोलायचे, जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, दखनी उर्दू, सासुरवाडीला कन्नड. तरी कुणी विचारलं तर म्हणायचे, मला मराठी तेवढी येते. बाकीच्या भाषा त्यांनी कधी मोजल्याच नाहीत.

इंजिनिअरचे दिवस संपत आले तेव्हा आप्पांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. अव्वानं कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी आणि गव्हाची गोड हुग्गी केली. तो दारात बूट काढून, ते नीट जुळवून ठेवून आत आला आणि पाटावर गुडघे दुमडून बसला. गल्लीतली माणसं खिडकीशी जमली होती. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीचा भलामोठा घास घेतला. बघता बघता त्याचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण गिळला त्यानं तो घास.

आप्पांना आनंद झाला. पाहुण्यानं आपली चटणी खाल्ली! ते मोठ्यानं म्हणाले, “मो इचिदो!”

पाहुण्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा चटणीला हात घातला.

“मो इचिदो!” आप्पा टाळी वाजवून म्हणाले.

त्यानं तिसरा घास घेतला. कपाळावरून घाम गळत होता. तेव्हा अव्वा चुलीपासून उठली, तिनं त्याच्या ताटातली चटणी उचलली आणि त्या जागी दह्याची वाटी ठेवली. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्यापुढे इतका वाकला की कपाळ ताटाला लागेल असं वाटलं.

जाताना आप्पांनी त्याला स्टेशनवर एक चादर दिली. त्यानं आपलं पत्त्याचं कार्ड दिलं. आप्पांनी ते जपून ठेवलं. पुढे कितीतरी दिवस ते जपानीचं पुस्तक शोधत होते. सोलापुरात कुठून मिळणार?

मी बी.ए. झाले आणि बी.एड.साठी पुण्याला गेले. वसतिगृहात राहात होते. जवळच संध्याकाळचे परकीय भाषांचे वर्ग भरायचे. फॉर्मवर चार चौकोन होते: फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी. मी फ्रेंचवर खूण केली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आप्पा आठवलेच नाहीत. ते आठवले घरी पत्र लिहायला बसले तेव्हा.

आठ दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, “फ्रेंच घेतलीस ते बरं केलंस. लई गोड असते म्हणतात. मन लावून शीक. आमची जपानी आहे तेवढी बास.”

ते कार्ड मी दोन-तीनदा वाचलं. त्यात रागाचा शब्द नव्हता, हेच मला सोसेना. दुसऱ्या दिवशी जाऊन मी वर्ग बदलून मागितला. कारकून म्हणाला, “अहो, फ्रेंचला जागा मिळावी म्हणून मुली रांगा लावतात, आणि तुम्ही सोडताय?”

जपानीला आम्ही सहा जण होतो. शिकवायला एक वयस्क बाई होत्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं तिकडे राहून आलेल्या. दुसऱ्याच आठवड्यात माझा एक उच्चार चुकला. बाई हसून, मान लववून म्हणाल्या, “मो इचिदो.”

मला वाटलं जमलं. मी खूश होऊन खाली बसले.

“अगं, म्हण ना,” बाई म्हणाल्या. “मो इचिदो म्हणजे पुन्हा एकदा.”

वर्गात मला एकदम हसू फुटलं. चटणीचे ते तीन घास आठवले. आणि वसतिगृहावर येईपर्यंत डोळे भरून आले. चार महिने, दिवसातून दहा-बारा वेळा तो माणूस आप्पांना सांगत होता, पुन्हा करा. आणि आप्पा ते शाब्बासकी म्हणून घरी घेऊन येत होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आधी अव्वाच्या कानावर घातलं. म्हटलं, “सांगू की नको?”

ती करंज्या भरत होती. म्हणाली, “सांग. लोक हसत्यात आनि आपल्याला ठावं न्हाय, ह्याच्यापरीस वाईट काय नसतं.”

आप्पा अंगणात सायकल पुसत बसले होते. मी जवळ बसून सांगितलं. त्यांचा हात थांबला.

“म्हंजे दर टायमाला माजं चुकत हुतं?”

चाक एकदा फिरवून तेच पुढे म्हणाले, “पर बघ, चार म्हैन्यात त्यानं एकदाबी दुसरा फिटर मागितला न्हाय. साहेब म्हणत हुते, बदलून देतो. त्योच नको म्हणला. हसून पुन्ना सांगायचा.” मग एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. “आन् ती चटणी गं!”

करंज्या टाकून अव्वाही बाहेर आली आणि आम्ही तिघं असे हसलो की शेजारची मावशी काय झालं म्हणून बघायला आली तरी हसू थांबेना.

त्याच आठवड्यात मी कार्डावरच्या पत्त्यावर त्या इंजिनिअरला पत्र लिहिलं. आप्पा सांगत होते आणि मी लहान मुलांच्या सोप्या अक्षरांत, दर ओळीला वही उघडून, लिहीत होते. आप्पांनी चटणीबद्दल माफी मागितली. साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं. बाईंची मदत घेऊन मी ते वाचलं. त्यानं लिहिलं होतं की तुमच्याकडे पाहुण्यानं तिखट तीन वेळा खाल्ल्याशिवाय यजमानाचा मान राहात नाही, अशी रीत असेल असं मला वाटलं. त्याचं लग्न झालं होतं आणि आमची चादर थंडीत त्याची बायको पांघरत होती.

मला जपानी काही घडाघडा बोलता आली नाही. वर्षभरानं मी सोलापूरच्या एका शाळेत शिक्षिका झाले, वर्ग सुटला. वाचण्यालिहिण्यापुरती मात्र टिकली, कारण पत्रं चालू राहिली. रविवारी आप्पा पाटी घेऊन माझ्यासमोर बसायचे. एखादं जपानी अक्षर वाकडं आलं तर मी काही म्हणायच्या आधी स्वतःच पुसून पुन्हा काढायचे.

एकदा पत्र पुरं होत आलं होतं तेव्हा अव्वा हात पुसत येऊन बसली. म्हणाली, “त्याच्या बायकोला माजी येक ओळ लिव्ह.” आणि ती कन्नडमध्ये सांगायला लागली. आप्पांनी ते मराठीत केलं. इतक्या वर्षांत तिला कुणाला पत्र लिहावंसं वाटल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. तिला विचारायचं होतं, तुमच्या गावात नळाला पाणी रोज येतं का, आणि ते कोण भरतं, तू का तुझा नवरा? मला ‘नळा’ला जपानी शब्द येत नव्हता. मी नळाचं चित्र काढलं, खाली एक हंडा काढला आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. अव्वानं वाकून बघितलं आणि हंडा अजून मोठा काढ म्हणाली.