बॉम्बरचं पातेलं

पोलोग्राउंडवर एक भंगारवाला लढाईतल्या बॉम्बर विमानांचा भंगार पत्रा वितळवून पातेली करायचा. पण आधी पत्र्यावरचा नंबर वहीत उतरवून माझ्याकडून विलायतेला इंग्रजी पत्र लिहवून घ्यायचा: यात कोण होते, त्यांचं काय झालं? भंगारवाल्याला कशाला हव्यात या चौकशा? मला तो हेरच वाटे. काही उत्तरं मी वाचून दाखवली की तो पत्रा भट्टीत न घालता मागच्या खोलीत नेऊन ठेवायचा. चोरून विकत असणार! विचारलं तर म्हणे, "रहने दो भिया."

परवा मी पातेलं घ्यायला गेलो. त्यानं त्यावर खडूनं लिहिलेला विमानाचा नंबर वहीत दोनदा ताडून पाहिला.

"वहिनींना बेफिकर द्या," तो म्हणाला. "याच्यातले सगळे घरी पोचले."