जाराचं झाड

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत नाव टाकण्यापर्यंत सगळं बाईनंच केलं. तिचं लग्न गावातल्या गावात झालं, त्यामुळे सासरी गेल्यावरही माझं ताट तिच्याच चुलीजवळ मांडलं जायचं. पुढे मी पशुसंवर्धनाची पदविका घेतली आणि ढोरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून लागलो. आमच्याकडे या नोकरीवाल्याला सरसकट डॉक्टर म्हणतात. मी काही खरा डॉक्टर नाही, असं मी पहिली दोनेक वर्षं सांगायचो. नंतर सांगणं सोडलं, कारण ऐकायला बरं वाटायचं.

आमचं गाव मूल तालुक्यात. भाताच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल. सकाळी गावाची ढोरं आखरावर गोळा होतात आणि ढोरकी त्यांना जंगलात घेऊन जातो. दिवसभर ती चितळांच्या, गव्यांच्या पायवाटांनीच चरतात, त्यांच्याच नाल्यावर पाणी पितात आणि दिवस कलला की परततात. त्या नाल्याकाठी एक जुना उंबर आहे. गाय व्याली की तिचा जार, म्हणजे वासरामागून पडणारी ती ओली पिशवी, फडक्यात बांधून त्या उंबराला टांगायची, अशी आमच्या गावची रीत. उंबराला चीक असतो, म्हणून गाईला दूध भरपूर येतं असं म्हणतात. शिवाय जार कुत्र्यांच्या तोंडी लागत नाही. निदान तसं मानतात. प्रत्यक्षात फडकं दोन-चार दिवसांत कुजून खाली पडायचं आणि मग कुत्री, कोल्हे, रानडुकरं, ज्याच्या नशिबात असेल तो खायचा. मी लहानपणी त्या झाडाखालून नाक दाबून पळायचो. नोकरीला लागल्यावर मात्र त्याच झाडाकडे बघून ‘आपल्या लोकांच्या श्रद्धा’ वगैरे बोलायला शिकलो.

माझी नेमणूक कुरखेड्याच्या बाजूला होती, गावापासून लांब. गावात एखाद्या गाईचा जार अडकला की मला निरोप यायचा, आणि मी पोचेपर्यंत गाय सडायला लागलेली असायची. म्हणून एका सुट्टीत मी बाईला हे काम शिकवलं. पुस्तकात खांद्यापर्यंतचे हातमोजे सांगितलेले आहेत. ते माझ्या पेटीत होतेही. पण मोज्यातून बोटांना काही कळत नाही, अशी माझी शेखी होती. मी उघड्या हातानंच काम करायचो आणि तिलाही तसंच दाखवलं.

“ओढू नको बाई,” मी म्हटलं. “झंपराची बटणं काढतो तसं एकेक सोडव.”

तिला ते पहिल्याच गाईला जमलं. भाताच्या रोवण्यात बाईच्या पुढे कोणी जात नसे. चिखलात वाकली की बांधीच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत ती कंबर सरळ करायची नाही. असल्या हाताला गाईचं काम काय अवघड? वर्षभरात गावात कुठेही गाय अडली की बाईला बोलावणं यायला लागलं. काम झालं की गडूभर पाण्यानं हात धुवायचे आणि घरी यायचं. बदल्यात लोक चिकाची वाटी पाठवायचे. ‘डॉक्टरची बहीण’ म्हणून तिचं नाव झालं आणि मला त्याचा इतका अभिमान होता की दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगत असे.

मग बाईच्या घरी बाजारातून एक कालवड आली. दिसायला देखणी, गाभण. सातव्या महिन्यात ती गाभडली. जार अडकला, तो बाईनं काढला आणि रीतीप्रमाणे उंबराला टांगला. मेलेला गाभ नाल्याच्या पलीकडे टाकून दिला. दोन-तीन महिन्यांत बाईची दुसरी गाय गाभडली, मग शेजारच्याची, मग आखरावरच्या आणखी दोन. मला निरोप आला.

गाई एकामागून एक, तेही भरत आलेल्या दिवसांत गाभडायला लागल्या, की त्याला काय म्हणतात हे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. हा रोग माणसाला होतो, जारातून, उघड्या हातातून होतो, हेही त्यात होतं. जार आणि गाभ खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा, हेही. पण परीक्षेत लिहिलेलं आणि आपल्या बहिणीच्या गोठ्यात दिसणारं एकच आहे, हे माझ्या टाळक्यात शिरायला तयार नव्हतं.

तरी मी पाच गाईंचं रक्त काढलं. नळ्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. त्या संध्याकाळी वादळ आलं आणि दोन दिवस लाईन नव्हती. सोमवारी बघतो तर सगळं रक्त नासलेलं. पुन्हा जाऊन काढायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण पाऊस लागलेला, रस्ता वाहून गेलेला, आणि रक्त खराब झालं असं साहेबाला सांगितलं तर बोलणी बसणार. मी नळ्या परसात पुरल्या. पुढच्या खेपेला बाईनं विचारलं, “भाऊ, रिपोर्ट आला का?”

मी म्हटलं, “काई निघालं नाई त्याच्यात.”

त्या हिवाळ्यात मी गावी आलो असताना वनरक्षकानं मला नाल्यावर बोलावलं. उंबरापासून शंभरेक पावलांवर रानगव्याचं मेलेलं पिल्लू पडलं होतं, अंगावर धड केसही न आलेलं. ढोरकी सोबत होता. वनरक्षक चिडून म्हणाला, “तुमच्या ढोरांनी आणलं हे जंगलात.” ढोरकी म्हणाला, “उलटं बोलू नका साहेब. जंगलातूनच आलं आमच्या ढोरांत.” दोघांनी माझ्याकडे बघितलं. कोणाचं कोणाला लागलं, आणि ते पिल्लू त्याच रोगानं गेलं का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. पण नाला एकच होता, गवत एकच होतं, आणि उंबराच्या फांदीला त्या दिवशीही एक फडकं लोंबत होतं. मी म्हटलं, “तपासावं लागेल.” मग वनरक्षकानं खड्डा खणून पिल्लू पुरलं. आम्ही गाववाल्यांनी एवढंही कधी केलं नव्हतं.

त्याच सुमारास गावात कुजबुज सुरू झाली. बाईचा हात लागला की पुढच्या खेपेला गाय गाभडते, असं बायका म्हणायला लागल्या. बाईला बोलावणं बंद झालं. चिकाच्या वाट्या बंद झाल्या. विहारात ती बसली की आजूबाजूला थोडी जागा रिकामी राहायची. हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. भर आखरावर जाऊन मी लोकांना अडाणी म्हटलं, एकविसाव्या शतकात काय बोलता म्हणून हातवारे केले. आज वाटतं, त्या बायकांनी दिलेलं कारण चुकीचं होतं, पण त्यांनी बघितलेलं बरोबर होतं. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात तोच हात जात होता, गडूभर पाण्यानं धुतलेला. त्यांनी निदान मोजून पाहिलं होतं. मी शिकलेला माणूस, मी तेवढंही केलं नाही.

उन्हाळ्यात बाईला ताप भरायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं लुगडं भिजवून उतरायचा. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया. आशाताईनं बोट टोचून रक्त बघितलं, काही निघालं नाही. पुन्हा बघितलं, तरी नाही. गोळ्या झाल्या, सलाईन झालं. ताप आठवडाभर जायचा आणि परत यायचा. मग कंबर धरली. बसलेली बाई उठताना जमिनीवर दोन्ही तळवे टेकायला लागली. मी तिला गाडीवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाईला आत घेऊन बराच वेळ तपासलं. मग बाहेर व्हरांड्यात माझ्याकडे आल्या. “तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात आहात ना? मग तुम्हालाच विचारते. यांच्या घरच्या गाई गाभडल्यात का?”

इतका सरळ प्रश्न. हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, रक्त तपासलं का, आणि त्याच्या पुढचा, मग रिपोर्ट कुठे आहे. परसात पुरलेल्या नळ्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी म्हटलं, “नाही मॅडम. तसं काही नाही.”

त्यांनी मान हलवली, कागदावर काही लिहिलं आणि आत गेल्या. मी वेळ मारून नेली. माझा जीव भांड्यात पडला, हेही सांगितलं पाहिजे. त्या व्हरांड्यात मला खरोखर हायसं वाटलं होतं.

त्यानंतर जवळजवळ वर्ष गेलं. वाताची औषधं झाली, जडीबुटी झाली, मालीश झालं. शेवटी चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात कोणीतरी बाईच्या मणक्याचा फोटो काढला, रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं, आणि कागदावर ते नाव आलं: ब्रुसेलोसिस. मी ते वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. बाईनं विचारलं तेव्हा म्हटलं, ढोरांपासून होणारा ताप आहे, गोळ्यांनी जातो. तीन महिने गोळ्या चालल्या. ताप गेला. पण मणक्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लवकर कळलं असतं तर एवढं झालं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते सहज म्हणाले. त्यांना काय माहीत?

आता मी गावोगाव सांगत फिरतो. जार टांगू नका, पुरा, चुना टाका, मोजे घाला. माझ्या पेटीत मोज्यांचे गठ्ठे असतात. उंबराखाली आम्ही खड्डा केला आहे, आणि फांदीला टांगायचं फडकं लोक आता नुसतंच टांगतात, रिकामं. लोक ऐकतात, कारण बाईचं त्यांनी बघितलं आहे. बाईला वाकता येत नाही. विहारात सगळे सतरंजीवर बसतात आणि ती मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर. ती खुर्ची तिला मनापासून आवडत नाही. रोवण्याच्या दिवसांत ती धुऱ्यावर तीच खुर्ची मांडून बसते आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या बांधून देते.

यंदाच्या रोवण्यात मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. नासलेलं रक्त, पुरलेल्या नळ्या, न आलेला रिपोर्ट आणि आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातलं ते ‘नाही’. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं पाच मिनिटांत सांगून झालं. समोर बांधीत बायका ओळीनं वाकल्या होत्या. बाईचे हात थांबले नाहीत. एक पेंढी बांधून झाली, मग ती बोलली.

“त्या डॉक्टरीण बाईनं मलेबी इचारलं होतं. आत. तुह्या अगोदर.”

“मंग?”

“म्या नाई म्हटलं.”

“काऊन बाई?”

“काऊन म्हंजे? ढोराच्या डॉक्टरच्या बहिणीच्या गोठ्यात गाई गाभडून राह्यल्या, असं त्या कागदावर लिवलं असतं, त तुह्या साहेबानं तुलेच धरलं असतं ना. आधीच गावात माह्या हाताचं बोलून राह्यले होते.” तिनं दुसरी पेंढी उचलली. “मंग ते तुह्याकडं बाहेर गेली. मले दारातून दिसून राह्यलं होतं. म्या म्हटलं, बरं झालं. आता हा सांगन. हा शिकलेला हाय, याले समजते.”

बांधीतून एकीनं पऱ्हे संपले म्हणून हाक दिली. बाईनं बांधलेली पेंढी माझ्या हातात ठेवली. “फेक तिकडं. थांबल्या त्या.”

मी उभा राहिलो आणि पेंढी फेकली. ती बायकांपर्यंत पोचली नाही, अर्ध्यातच चिखलात पडली. बाई खुर्चीच्या दांड्यांना धरून अर्धवट उठली, मग तिला आठवलं, आणि ती पुन्हा खाली बसली.