नकाशाचा कोपरा

"हात पुसून घे. नकाशा मळेल."

बेन मला हे गुजरातीत म्हणाल्या तेव्हा नव्या गावासाठी घेतलेल्या माळावर तीस-पस्तीस माणसं होती. मी पदराला हात पुसले. मग त्या म्हणाल्या, "आता हा कोपरा धरून बस." वारा सुटला होता. नकाशाच्या तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. चौथा दगड कुणी शोधला नाही. मी होतेच.

तासभर मी उन्हात गुडघ्यांवर बसून कागद दाबून धरला. इंजिनियर काठीने दाखवत होते. इथे शाळा. इथे गोठा. इथे तळं. सगळे वाकून बघत होते. मीही घर बघायलाच आले होते. माझी सही रजिस्टरात होती. मी सभासद होते. मान उंच करून पाहिलं तर पुढे नुसती डोकी. शेवटी विचारलं, "माझं घर कुठेय?"

इंजिनियर वाकले आणि हसले. "तुझ्या हाताखाली."

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशीचं बाकी सगळं मी विसरेन एक वेळ, पण ते माझं हसणं विसरत नाही. अजून लाज वाटते त्याची.

आम्ही खानदेशातले. सुरतेत खाडीच्या कडेला एका खोलीत राहायचो. नवरा कापडाच्या लूमवर, मी बांधकामावर. पावसाळ्यात खाडी घरात यायची. रंगाच्या कारखान्यांचं लाल-निळं पाणी, अख्ख्या वस्तीच्या संडासाचं पाणी, कधी मेलेली घूस. पाणी चढलं की पोरीला पत्र्याच्या पेटीवर बसवायची. उतरलं की उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत घासायची. चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, अर्धं शहर पळालं. आम्हीही भुसावळच्या गाडीला लटकून गावी गेलो, आणि पोटाने महिन्याभरात परत ओढून आणलं.

प्लेगनंतर शिकलेल्या लोकांना शहराची किळस आली. आम्हाला ती आधीपासून होती, पण आम्हाला विचारतो कोण. बेनचे यजमान कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. त्यांच्या बंगल्याच्या विटा मी वाहिल्या होत्या, तेव्हाची ओळख. ते म्हणाले, सुरतेबाहेर चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमागे जमीन घेतली आहे. तिथे नवं गाव वसवायचं. सहकारी. मातीची घरं, झाडं, गाई, उन्हावर शिजणारा भात. धूर नाही, गटार नाही. सोळा घरं त्यांची, शहरातल्या लोकांची. सहा आमच्यासारख्यांची. त्यांची जमीन, आमची अंगमेहनत. पण सभासद सगळे सारखे. एक सभासद, एक मत.

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? तोवर मला कुणी सभासद म्हटलं नव्हतं. चौथीनंतर पहिल्यांदा हातात पेन धरलं, ते त्या रजिस्टरात सही करायला.

पहिल्या बैठकीत साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या स्वप्नातलं गाव कसं आहे? कुणी म्हणालं, पक्षी हवेत. कुणी म्हणालं, मुलांना तारे दिसायला हवेत. आम्ही सहा घरचे दाराशी, चपलांजवळ बसलो होतो. कुणी बसवलं नव्हतं. आमचे पायच तिथे थांबले. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, "माझ्या उंबऱ्याशी दुसऱ्याचं घाण पाणी यायला नको. बास, एवढंच."

सगळे मागे वळले. मग टाळ्या झाल्या. बेननी माझं वाक्य वहीत लिहून घेतलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

नकाशा दाखवला त्याच्या पुढच्या आठवड्यात जमिनीवर चुन्याची फक्की मारायला घेतली. घरांच्या रेषा आखायच्या होत्या. मिस्त्रीने नेहमीसारखी लेव्हलची नळी काढली. लांबलचक प्लास्टिकची नळी, आत पाणी. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीवर थांबतं. त्यावरून जमीन किती उतरते ते कळतं. हे काम मी शंभर साइटवर केलं होतं. नकाशा मला वाचता येत नाही, पण उतार येतो.

दुपारपर्यंत मला सगळं कळलं. साहेबांच्या घराच्या रेषेपासून आमच्या सहा घरांपर्यंत जमीन कमरेएवढी उतरत होती. आणि मधून चुन्याची एक लांब रेष वाकडी-तिकडी खाली आली होती.

"ही कसली?" मी विचारलं.

"नाली," मिस्त्री हिंदीत म्हणाला. वरच्या सोळा घरांच्या मोऱ्यांचं पाणी या नालीतून येणार. आमच्या दारांपुढे खड्ड्यात जमणार. खड्ड्यात बोरूचं उंच गवत लावणार, त्यातून गाळून ते भाजीला जाणार. आणि त्याच्या पलीकडे संडासाच्या खताचे खड्डे.

"खड्डे काढणार कोण?"

त्याने बिडी पेटवली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "और कौन?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "उगी ऱ्हाय. घर भेटी ऱ्हायनं आपले. आठे काय गुलाबपाणी शे का?"

त्याचं चूक नव्हतं. घर मिळत होतं, आणि इथेही आमच्या दाराशी गुलाबपाणी नव्हतंच. मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर गेले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून दाखवलं. शांतपणे. शिकवत असल्यासारखं. निसर्गात घाण असं काही नसतं, पाणी मुळांतून गाळलं जातं, हे शास्त्र आहे, परदेशात लोक असंच राहतात.

मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाणी एवढं चांगलं असेल तर तुम्ही खाली या साहेब. आम्ही वर जातो."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते मायेने हसले. "अमने न फावे. तमने तो टेव छे ने."

आम्हाला नाही जमणार. तुम्हाला तर सवय आहेच.

सवय. मी पायऱ्या उतरले. त्या पायऱ्यांचं सिमेंट माझ्या डोक्यावरून आलं होतं. आयुष्यभर जी घाण मी घासून काढली, ती यांच्या हिशेबी माझी सवय होती. आवड म्हटलं नाही, एवढीच मेहेरबानी.

तरी मी भूमिपूजनाला गेले. घर सोडवत नव्हतं. पोरीला सांगून ठेवलं होतं की आता पेटीवर बसायला लागणार नाही.

मंडप टाकला होता. शहरातून पाहुणे आले होते. रोपांसाठी पाण्याचा टँकर आणून वर, साहेबांच्या घराच्या रेषेजवळ उभा केला होता. पूजा झाली. मग बेन वही घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता आपल्या एका श्रमिक बहिणीचं स्वप्न वाचते. आणि माझं वाक्य वाचलं. उंबरा, घाण पाणी, सगळं. जसंच्या तसं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला पुढे ढकललं, फोटो काढायला.

मी पुढे गेले. बेनच्या शेजारून गेले. टँकरपाशी गेले आणि मागचा नळ पूर्ण उघडला.

पाणी आधी जमिनीत जिरलं. मग वाहायला लागलं. साहेबांच्या घराला शिवलंसुद्धा नाही. नालीची रेष धरून खाली गेलं. वाटेत शेण, चुना, हार, पत्रावळी जे मिळालं ते घेऊन आमच्या सहा चौकोनांत शिरलं. फक्की विरघळली. मी त्याच्या मागोमाग चालत गेले आणि माझ्या चौकोनाच्या दारात उभी राहिले. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं.

"हा माझा उंबरा," मी ओरडले. "आता वाजवा टाळ्या."

कुणी वाजवल्या नाहीत. इंजिनियर नळ बंद करायला धावले. बेन म्हणाल्या, "रोपांचं पाणी वाया घालवलंस." साहेब पाहुण्यांना म्हणाले, "यांच्यासाठी कितीही करा." नवऱ्याने माझा दंड धरला.

मी दंड सोडवून घेतला. वर गेले. बेनच्या हातातली वही घेतली, माझं वाक्य लिहिलेलं पान फाडलं आणि म्हणाले, "माझं नाव काढून टाका. पण हे माझं आहे. हे मी घेऊन जाते."

नाव त्यांनी त्याच आठवड्यात काढलं. नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पोरीने एकदाच विचारलं, घराचं काय झालं? मी पेटी पुसून ठेवली. त्या पावसाळ्यात खाडी आली आणि ती न सांगता पेटीवर चढून बसली. ते बघताना मला वाटलं, आपण चुकलो. हे खोटं कशाला बोलू? वाटलं.

बाकीची पाच घरं तिथे राहायला गेली. गाव झालं. बघायला लोक येतात म्हणे. दोन वर्षांनी त्या पाचांतली, आमची जुनी शेजारीण कमलबाई तिथून परत आली. माझ्या दारात बसली आणि आपले हात माझ्यापुढे धरले. खताचे खड्डे उपसून कातडी सोलवटली होती. म्हणाली, "पाळी लावेल व्हती सगळासनी. त्यासनी कधी उनीच नही." पाळी सगळ्यांची होती, वरच्या घरांची कधी आलीच नव्हती. मी तिला आत घेतलं.

त्यानंतर आम्ही बसायला लागलो. आधी दोघी, मग वस्तीतल्या मिळून आठ घरच्या बाया. जमीन नाही. वीतभरसुद्धा नाही. कुणी देणार नाही, हेही माहीत आहे. पण गाव करायचंय आणि सहकारीच करायचंय. तो शब्द त्यांच्या बापाचा नाही.

पहिला नियम मी सांगितला. नकाशा जो काढेल, त्याचं घर सगळ्यात खाली. मग पाणी कुठे जातं ते तो आधी बघेल.

बाया माझ्याकडे बघत राहिल्या. मी ते फाडलेलं पान काढलं, उलटं केलं आणि पोरीची पेन्सिल घेतली. कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. आठ चौकोन काढले, आणि सगळ्यात खालच्या चौकोनात माझं नाव लिहिलं.