वहिनीची करंगळी

कातडी करपल्याचा वास आला की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची नेवाशातली ती सकाळ आठवते. वहिनी चुलीपुढं भाकरी भाजत होती आणि तिची करंगळी तापल्या तव्याला टेकली होती. "वहिनी, बोट भाजतंय तुझं," मी ओरडले. तिनं हात उचलून फोड पाहिला. "मला तर कायबी लागलं न्हाई," ती म्हणाली. दादानं आम्हा दोघींना लगेच नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून करंगळीत टाचणी टोचली, तरी ती हलली नाही. मग त्यांनी तिच्या कोपरामागं चाचपलं. "इथली नस दोरीसारखी जाड झालीय. हा महारोग आहे, पण गोळ्यांनी बरा होतो," ते म्हणाले. वहिनीनं खालच्या आवाजात दादाला विचारलं, "आता मला माहेरी धाडणार का?" परतीच्या एसटीत ती मुद्दाम एकटीच मागच्या बाकावर बसली. नगर सुटल्यावर दादा उठला आणि तिला खेटून बसला. पुढं कित्येक वर्षं गोळ्या घेऊन ती बरी झाली, करंगळी तेवढी वाकडी राहिली. आज दोघंही नाहीत, पण तिचा तो प्रश्न मी अजून विसरले नाही.