दस्त्यावरचं नाव

दत्तूमामा गेल्याचा फोन मला तात्यांनी केला. अशी बातमी सांगताना माणूस जरा अडखळतो, निदान घसा तरी खाकरतो. तात्यांनी एका दमात सांगून टाकलं, "दत्तू गेला गो सकाळी. आता बंदुकीवरचं ते नाव कोण काढील?" मी महाडला शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. रडू आलंच... पण खोटं कशाला सांगू, त्याआधी हसू आलं. त्याला दीड महिना झाला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटलेली नाही.

दत्तूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. पोलादपूरला त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. स्वभावानं इतका गरीब, की वाळवी लागलेली फळी आली तर ती उन्हात ठेवून वाळवीला निघून जायला सवड द्यायचा. तात्या त्याचे चुलतकाका. शिवथरच्या खोऱ्यातल्या आमच्या आजोळी त्यांचं घर अगदी भिंतीला भिंत लागून. बंदूक मात्र आजोबांची, म्हणजे मामाच्या वडिलांची. रानडुकरांपासून भात राखायला परवाना काढून घेतलेली एकनळी, आणि तिच्या अक्रोडाच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर, आजोबांनी स्वतः चाकूनं कोरलेलं 'गोविंद'. आजोबांना स्वतःच्या नावापलीकडे काही लिहिता येत नव्हतं. त्यातला 'द'सुद्धा जरा कलंडलेला होता. आजोबा वारले तेव्हा मामा सतरा वर्षांचा. तात्या म्हणाले, तू अजून लहान, परवाना तूर्त माझ्या नावावर करून घेतो, मोठा झालास की तुझं तुला. मामा मोठा झाला, त्याचे केस पिकले, बंदूक तात्यांच्याच भिंतीवर राहिली. पुढं पुढं तर ती आपणच हौसेनं विकत घेतल्याचं ते पाहुण्यांना सांगू लागले. एका साली डुकरांनी मामाचं उभं भात लोळवलं. बंदूक घेऊन एवढी एक रात्र या, म्हणून आजी विनवायला गेली, तर तात्या ओटीवर सुपारी कातरत बसून राहिले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, दसरा जवळ आला असताना, हेच तात्या दस्ता सोडवून मामाच्या दुकानात घेऊन आले. नव्यासारखा करून दे म्हणाले, आणि ते जुनं नाव तेवढं घासून टाक. मी तेव्हा तिथंच होते. फेकून दे त्यांच्या अंगावर, असं मी मामाला म्हटलं. मामानं एक जाड खिळा घेतला, दगडावर घासून त्याचं टोक बोथट केलं आणि आजोबांच्या अक्षरांच्या खाचेत तो टेकवून हातोडीचे हलके हलके ठोके घालत गेला. एकेक अक्षर तळाशी दाबून घेतलं. मग काचेच्या तुकड्यानं आजूबाजूचं लाकूड खरवडायला बसला, ते थेट खाचा नाहीशा होईपर्यंत. वरून पॉलिश पेपर, आठ दिवस अळशीचं तेल. दस्ता आरशासारखा झाला. नाव गेलं... मला दस्त्यावरून हात फिरवून बघवेना. तेव्हा मामा हळूच म्हणाला, "घासलेलं लाकूड जातं. दाबलेलं जात नाय. पानी लागलं की उठतं. येळ लागंल, पन उठंल."

तात्यांची पूजा मोठी कडक. इतर लोक बंदूक तेलाच्या बोळ्यानं पुसतात. तात्यांना दसऱ्याला दस्ता पाण्यानं न्हाऊ घातल्याशिवाय चैन पडायचं नाही. तिसऱ्या दसऱ्याला 'ग' उठला. मग एका वर्षी गणपतीनंतर निवडणूक लागली, नेहमीसारख्या सगळ्यांच्या बंदुका पोलिसांकडे जमा झाल्या, आणि खोऱ्यातली ती ओल खाऊन दस्ता परत आला तो पूर्ण नाव घेऊन. खोदलेलं नव्हे, फुगून वर आलेलं. कलंडलेल्या 'द'सकट. परवाना तुमचा, मग हा गोविंद कोण, असं हवालदारानं चारचौघांत विचारलं. तात्या म्हणाले, देवाचं नाव हो. घरी आल्यावर मात्र त्यांनी आजोबांच्या नावानं नारळ फोडला.

त्यानंतर ते कितीदा तरी मामाकडे आले. दर वेळी मामा म्हणायचा, हात कापतात हल्ली. त्याच हातांनी तो त्या दिवसांत देव्हाऱ्याची नक्षी कोरत होता. म्हातारा घाबरलाय, नाव कशानं उठतंय ते आता सांगून टाक, असं मीच एकदा म्हटलं. मामानं कोरणी खाली ठेवली. "त्यानं एकदाच म्हनावं, बंदूक गोविंदाची हाय. मी सोताहून सांगतो." त्या गरीब माणसानं आयुष्यात धरलेला एवढा एकच डूख. तो जपायलाही त्यानं कधी आवाज चढवला नाही.

तेराव्याला तात्यांनी मला बाजूला घेतलं. मामाच्या हाताखाली तू बघितलंयस, काही उपाय असेल तर सांग, म्हणाले. डोळे खोल गेले होते त्यांचे. माझं मन द्रवलं, आणि मी ठरवलं, त्यांनी मामाला हवं होतं ते म्हटलं तर सांगायचं. विचारलं, "तात्या, बंदूक कोणाची होती?"

"माजीच की," तात्या म्हणाले.

मग मी सांगितलं, रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत जा. चांगलं दाबून.

तो बोथट खिळा मी दुकानातून आणला. माझ्या टेबलावर, वह्या तपासायच्या लाल पेनांत तो असतो. काल तात्यांचा फोन आला तेव्हा तो माझ्या हातातच होता.

"पोरी, आता तर लांबूनबी वाचता येतंय गो."

"पुसत राहा, तात्या," मी म्हटलं.