थोडंसं दुखते

"गॉलब्लॅडरमध्ये स्टोन आहेत. सूजही आली आहे," नागपूरचा सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहून सय्यद डॉक्टर म्हणाले. गॉलब्लॅडर म्हणजे पित्ताची पिशवी, स्टोन म्हणजे खडे. सोनोग्राफी म्हणजे न कापता पोटाच्या आतलं चित्र काढतात ते. पिशवी फुटली तर जीव जाऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आधीचे डॉक्टर गॅस म्हणायचे. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. कसं दुखते विचारलं, की मी म्हणायची, थोडंसं. आमच्याकडे बाया असंच सांगतात. सोबत मुलगा उभा असतो. कण्हलं तर नखरे म्हणतात.

सय्यद डॉक्टर आमच्या पांढुर्ण्याचेच. वडील हकीम होते. हे नागपूरला एमबीबीएस झाले, पण वडिलांनी शिकवलेली अरबी सोडली नाही. टेबलावर वैद्यकाचा जुना अरबी ग्रंथ असायचा. फावल्या वेळात त्याचं मराठी करायचे.

पहिल्या दिवशी त्यांनाही मी थोडंसंच सांगितलं.

"आजी, या पुस्तकात दुखण्याचे लय प्रकार हायेत. थोडंसं त्यात नाही."

"मग लिहून घ्या."

ते हसले नाहीत. सोबतच्या माझ्या मुलाला बाहेर बसवलं. ग्रंथ उघडून एकेक अरबी शब्द वाचत गेले आणि त्याचा मराठी अर्थ सांगून तसं दुखते का, विचारत गेले. "टोचल्यावाणी? जड? आग होते?"

"जड नाही. कोणी पोट पिळून राहिलं, असं वाटते. मग उजव्या खांद्यामागं सणक जाते."

"केव्हा?"

"तळलेलं खाल्लं की."

त्यांनी ग्रंथ मिटला. उजव्या बरगडीखाली बोटं दाबून म्हणाले, श्वास घ्या. कळ येऊन श्वास अर्ध्यातच अडकला. तेव्हाच त्यांनी नागपूरच्या सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली.

रिपोर्टनंतर ऑपरेशनही नागपूरलाच झालं. तिथल्या दवाखान्यात बाकावर आमच्याकडच्याच तिगावची एक सून सासूशेजारी बसली होती. नर्सनं विचारलं, तर म्हणाली, थोडंसं दुखते.

मी म्हणाले, "पोरी, थोडंसं सांगशील तर गॅसची गोळी घेऊन घरी जाशील. कसं दुखते ते सांग."

सासूनं माझ्याकडे रागानं पाहिलं. पाहू दे. पोरीनं मात्र नर्सला नीट सांगितलं.

परत आल्यावर सय्यद डॉक्टरांनी टाके पाहिले. "आता कसं हाय, आजी?"

"थोडंसं दुखते."

ते पुन्हा ग्रंथ उघडायला लागले.

"खरंच थोडंसं," मी म्हणाले. "टाक्याची आग हाय. सणक गेली, पिळणं गेलं."

मग ते हसले. "आता लिहून घेतो," म्हणाले.