चिंचेच्या सावलीतलं पॅनल

डोंगरी गावात मायकेलला सगळे वायरमन म्हणूनच ओळखतात. गावातल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्याच्या हातचं. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या एका सोसायटीतही तो बारा वर्षं इलेक्ट्रिशियन होता. दोन वर्षांपूर्वी तिथे शिडीवरून पडला, कंबर दुखावली आणि नोकरी सुटली. तेव्हापासून तो घरी बसून लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा.

शेजारचा बंगला त्याच्या चुलतभावाचा, डिलनचा. डिलन कुवेतहून कायमचा परतला आणि त्याने बंगल्याला सरकतं ऑटोमॅटिक गेट बसवायचं ठरवलं. बंगला रस्त्यापासून बराच आत, मधे सगळा कातळ. गेटपर्यंत केबल न्यायची तर खडक फोडावा लागला असता. म्हणून मीरा रोडहून एका कंपनीची माणसं आली आणि गेटच्या खांबावर सोलर पॅनल, खाली पेटीत दोन बॅटऱ्या बसवून गेली. मायकेलला कुणी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मायकेलची बायको व्हेरा कुंपणाशी उभी राहून बघत होती. डिलनने गाडीतूनच बटण दाबलं, गेट अलगद बाजूला झालं.

"बघ तरी, आवाज पण न्हाय," ती म्हणाली.

"असली गेटं मी रोज खोलून नीट करायचो," मायकेल म्हणाला आणि आत गेला.

पण लक्ष तिकडेच. गाडी आली की त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबायचा. जाणारे-येणारे गेट बघायला उभे राहिले की त्याचा जळफळाट व्हायचा. आपल्या गावात, आपल्या भावाच्या दारात, परक्यांनी येऊन काम करून जावं!

मे महिन्यात एका दुपारी त्याला हवं ते दिसलं. पॅनलवर गेटजवळच्या चिंचेची सावली पडली होती आणि ती संध्याकाळपर्यंत पॅनलवरून हटली नाही. उन्हाळा निभेल, पावसाळ्यात बॅटऱ्या भरणार नाहीत, हे त्याला तिथेच कळलं. कुंपणावरून दोन शब्द बोलला असता तर भागलं असतं. तो बोलला नाही, व्हेराशीसुद्धा नाही. जुलैत गेट रखडायला लागलं, तेव्हा त्याला जेवण गोड लागलं.

डिलनची आई, म्हणजे मायकेलची काकी, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मीरा रोडला जायची. ऑगस्टमधल्या एका सकाळी डिलनने तिला गाडीत बसवलं आणि बटण दाबलं. गेट वीतभर सरकून अडकलं. डिलनने ढकललं, लाथा मारल्या. हलेना.

मायकेल पडवीत चहा पीत होता. मोटरच्या झाकणात चावी फिरवली की गेट हाताने सरकतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो उठला नाही. उलट कप पुन्हा भरून घेतला.

तेवढ्यात गाडीची काच खाली झाली. काकीचा सुजलेला चेहरा दिसला.

"मायकेल, घरी हायस का रं?"

तो कप तसाच टाकून धावला. त्याने मोटरची चावी मागितली; बरीच शोधाशोध झाल्यावर ती डिलनच्या बायकोला, नादियाला, टीव्हीखालच्या खणात सापडली. दोन मिनिटांत गेट उघडलं. काकी अर्धा तास उशिरा पोचली, पण पोचली.

संध्याकाळी डिलन आभार मानायला आला. मायकेलने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"चिंचेची सावली पडते पॅनलवर. मला मेपासून माहीत हाय."

"मग बोलला का न्हायस?"

"तू मला बोलावलं न्हायस म्हणून."

"आई गाडीत होती, मायकेल."

"हो."

"तुला बोलावलं असतं तर तू शिडीवर चढला असतास. पुन्हा पडला असतास तर? म्हणून न्हाय बोलावलं."



रविवारी चर्चहून आल्यावर डिलन शिडी लावून गेटच्या दुसऱ्या, सावलीबाहेरच्या खांबावर चढला. मायकेल खाली उभा राहून सांगत होता, डिलन ऐकत होता. पॅनल तिथे दक्षिणेला तोंड करून उन्हात बसलं आणि त्यानंतर गेट अडकलं नाही.

काकीला मायकेलने स्वतःच सगळं सांगितलं. ती रागावली नाही.

"लहानपणीपण तू डिलनच्या ताटात बघत बघतच जेवायचास," एवढंच म्हणाली.

त्याने मान खाली घातली. ते खरंच होतं, आणि पुढच्याच आठवड्यात डिलनने नवी गाडी आणली, तेव्हा मायकेलच्या पोटात पुन्हा दुखलं.